कूलरात पाणी कोण भरणार?

यादीत सातव्या नंबरावर 'कूलर' लिहिलेलं होतं आणि घरातलं पहिलं भांडण तिथूनच सुरू झालं.

यादी भाच्याने केलेली. तो इथेच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे त्याला सगळं येतं. वर ठळक अक्षरांत 'मामाजीचा पीसी', खाली नऊ वस्तू आणि तळाशी दोन रेघा मारून 'बजेट ४०,०००'. बायकोने चष्मा लावून यादी वाचायला घेतली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी हे तिने मुकाट्याने पचवलं. सातव्यावर थांबली.

"घरात दोन कूलर असून तिसरा कायले?"

"हा कॉम्प्युटरच्या आत बसते," मी म्हणालो.

"आत? मंग त्याच्यात पानी कोन भरन? मी तं भरनार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

बाहेरगावच्या वाचकाला यात विनोद दिसेल. यवतमाळकराला दिसणार नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास आमच्याकडे माळ्यावरून कूलर उतरतो, ताट्या बदलल्या जातात आणि तिथून मृग लागेपर्यंत 'आज कूलर कोणी भरायचा' यावर घरोघर तंटे चालतात. मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ दाखवला होता, तेव्हा आमच्या घरी अंघोळीचं पाणी बादलीत उरलं तर ते कूलरला आणि कूलरचं उरलं तर तुळशीला, असा क्रम होता. अशा गावात आणखी एक कूलर आणायचा म्हटल्यावर घरच्या बाईने हरकत घेतली नाही तर नवल. मी समजावत होतो, की हा नुसता तळहाताएवढा पंखा आहे, प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो. तेवढ्यात भाचा म्हणाला, "पाणीवालाही येते मामी, पण तो महाग जाते."

कुठे बोलू नये, हे इंजिनिअरिंगला शिकवत नाहीत.

मूळ मागणी पोरीची. बारावी झाली, बीसीएला जायचं ठरलं, कॉम्प्युटर लागणार हे उघड होतं. मी दुकानातून तयार डबा आणायला निघालो होतो. ती म्हणाली, "बाबा, मी पार्ट घेऊन स्वतः जोडते." म्हणजे असेंबल! आमच्या पिढीत हा शब्द जरा हळू आवाजात उच्चारत. २००१ साली एमएस-सीआयटी निघालं आणि नोकरीसाठी ते लागणार म्हटल्यावर आम्ही मास्तर मंडळी खडू धरल्यासारखा माऊस धरून क्लासात बसलो. त्या क्लासात सरांच्या टेबलावरचा एकच ब्रँडेड, बाकी सगळे असेंबल. ब्रँडेडवरची धूळ रोज पुसायचे, असेंबलवर थाप मारायचे. थाप मारली की तो चालायचा. तेव्हापासून माझ्या मनात ब्रँडेड म्हणजे शेरवानीतला जावई आणि असेंबल म्हणजे घरजावई.

पोरीने मला एका वाक्यात गप्प केलं. "बाबा, परमसुद्धा असेंबलच होता."

तसं पाहिलं तर खरंच आहे. अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघालं आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. एक अजस्र प्रोसेसर मिळत नाही ना, मग बाजारात मिळणारे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून कामाला लावा, अशी त्यामागची युक्ती. ती चमू चालवणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. यवतमाळहून निघणारी आमची शकुंतला गाडी जिथे जाऊन दम घ्यायची, ते मूर्तिजापूर. म्हणजे असेंबल करणं हा आमच्या रेल्वेलाइनीचाच धंदा म्हणायचा. लाइन बंद पडली ते सोडा.

तर चाळीस हजार. २०२५चा जून महिना. भाच्याने भाव काढून आणले तेव्हा सगळी यादी हिशेबात बसत होती. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, सहा कोअरचा. त्याच्या पोटातच ग्राफिक्स असल्यामुळे वेगळं कार्ड घ्यावं लागत नाही. रॅम १६ जीबी, साडेतीन हजारांच्या आसपास. मी पैसे काढायला बँकेत निघालो, तर भाचा म्हणाला, "थांबा ना मामाजी. दिवाळीत सेल लागते."

इथे मी चुकलो. कापसाच्या जिल्ह्यात जन्म घेऊन, आयुष्यभर 'थांबा, भाव येईल' ऐकून आणि त्या थांबण्याचं काय होतं हे दर वर्षी डोळ्यांनी बघूनही मी थांबलो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कापूस वेचून झाला की शेतकरी तो लगेच विकत नाही. एका खोलीत छतापर्यंत भरून ठेवतो. भाव वाढेल. पोरं त्याच्यावर उड्या मारतात, अंगाला खाज सुटते, मांजर त्यात पिलं घालते, पाहुणे आले की त्यांना व्हरांड्यात झोपवतात. भाव वाढेल. जानेवारी जाते, फेब्रुवारी जाते. शेवटी पोरीचं लग्न निघतं नाहीतर सोसायटीचं कर्ज भरायची वेळ येते आणि ज्या भावाने नोव्हेंबरात द्यायचा नव्हता त्याहून शंभर रुपये कमीने माल जातो. माझा साळा दारव्ह्याकडे शेती करतो. त्याने या पद्धतीने इतक्या वेळा नुकसान करून घेतलं आहे, की त्याला आता तिची सवय नसून श्रद्धा आहे. मी त्याला हसत असे.

थांबलेल्या माणसाला थांबायची कारणं आपोआप मिळत जातात. ऑगस्टमध्ये बातमी आली, जीएसटी कमी होणार. भाचा म्हणाला, "पाहा, मी म्हटलं नव्हतं?" २२ सप्टेंबरला जीएसटी कमी झाला. एसी २८वरून १८वर आला, मोठा टीव्ही आला, छोटी मोटारगाडी आली. कॉम्प्युटर आधीपासून १८वरच होता, तो तिथेच पाय रोवून उभा राहिला. मग दसरा गेला. यवतमाळचा दुर्गोत्सव बघायला लांबून लोक येतात, तेव्हा खरेदी कुठली? मग दिवाळी. सेल लागला. प्रोसेसर पाचशे रुपयांनी उतरला होता आणि रॅम सहा हजारांवर गेली होती.

"चूक असेल," भाचा म्हणाला. "उतरते चार दिवसांत."

चार दिवसांत ती सात झाली. कारण शोधलं तर ते सातासमुद्रापार निघालं. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी केंद्रं बांधायची म्हणून तिकडच्या कंपन्या मेमरी घाऊक उचलत होत्या. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन अशा मोजक्या कंपन्या जगाची बहुतेक मेमरी बनवतात. त्यांनी आपले कारखाने त्या भारी गिऱ्हाइकाकडे वळवले आणि आमच्यासारख्या किरकोळीला बोटावर मोजून माल उरला. डिसेंबरात मायक्रॉनने तर जाहीरच करून टाकलं, की 'क्रुशल' नावाने साध्या गिऱ्हाइकाला रॅम विकणं बंद करतो. तिकडे एखाद्या यंत्राला कविता सुचावी म्हणून इकडे यवतमाळात माझी रॅम महागली.

साळ्याला हे सांगितलं तर त्याला जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. "भाऊजी, आपला भाव आपल्या गावात कधी ठरला?" त्याचं बरोबर होतं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. लढाई संपली, भाव खाली. त्याच २०२५च्या ऑगस्टमध्ये सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं आणि साळ्याच्या खोलीतला कापूस खोलीतच राहिला. तेव्हाचा हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये होता, पण त्यासाठी मोबाइलवर नोंदणी करा, ओलावा १२ टक्क्यांच्या आत ठेवा आणि नंबर लागायची वाट पाहा. त्याचा घरातला माल स्वस्त होत होता, माझा बाजारातला महाग. दिवाळीनंतर आम्ही दोघं व्हरांड्यात बसून एकमेकांना रोजचे भाव सांगायचो. बायकोला वाटायचं, आम्ही अभंग म्हणतो आहोत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी भाच्याला न विचारता पोरीला घेऊन नागपूरच्या गाडीत बसलो. तिला अर्धं तिकीट. कळंब आलं तशी मी चिंतामणीच्या दिशेने बसमधूनच हात जोडले आणि रॅमबद्दल बोललो.

सीताबर्डीतल्या दुकानदाराने आमचा चेहरा बघितला आणि मला खुर्ची दिली. खुर्ची मिळाली की समजावं, आता काहीतरी गळ्यात पडणार. त्याने माझ्यापुढे इंटेलचा आय५ ठेवला. "काकाजी, रायझन सोडा. हा पाहा, १२४००एफ. जास्त दमदार, अन् भावात एक पैसाही जास्त नाही." मला पटलं. एफ म्हणजे फर्स्टक्लास असणार. मी पाकिटाला हात घातला, तेव्हा पोरीने तो हात तसाच धरून ठेवला.

"बाबा, एफ म्हणजे त्याच्यात ग्राफिक्स नाही. स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. वेगळं कार्ड घ्यावं लागेल."

दुकानदार म्हणाला, "कार्ड आहे ना आपल्याकडे."

असणारच. बैल विकताना तो आंधळा आहे हे सांगायचं नाही आणि मग डोळे वेगळे विकायचे, ही पद्धत माझ्या ओळखीची होती. पुढची तर आणखी ओळखीची निघाली. रायझनच ठरला, तेव्हा तो म्हणाला, "रॅम या भावात देतो, पण मदरबोर्ड आपल्याचकडून घ्यावा लागेल." पेरणीच्या दिवसांत कृषी केंद्रावर युरिया मागितला की कोणतं तरी टॉनिक सोबत घ्यावं लागतं. आमच्याकडे त्याला लिंकिंग म्हणतात. टॉनिक पिकाला लागतं की नाही हा प्रश्न तिथे विचारत नसतात. मदरबोर्ड मात्र आम्हाला लागणारच होता. आयुष्यात पहिल्यांदा मला लिंकिंगमध्ये कामाची वस्तू मिळाली.

रॅम मी १६ जीबीची एकच पट्टी घेत होतो. शंभर रुपये स्वस्त होती आणि पुढे दुसरी टाकता येईल, असा सूज्ञ विचार. पोरगी आठ-आठच्या दोन सारख्या पट्ट्यांवर अडून बसली. दोन असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकदम देवाणघेवाण करतो, ग्राफिक्स पोटात असलेल्या प्रोसेसरला तर त्याचा फार फरक पडतो, असं तिचं म्हणणं. निवाडा होईना म्हणून मी साळ्याला फोन लावला. रॅम म्हणजे काय हे त्याला माहीत नाही. मी फक्त विचारलं, एक मोठा घ्यावा की दोन मध्यम? तो म्हणाला, "एका बैलानं वखर चालते का भाऊजी? जोडी घ्या. अन् उंचीले सारखी घ्या." पुढे काही बोलायची सोय राहिली नाही. ९,४०० रुपये. जूनमध्ये साडेतीन.

एसएमपीएस, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याचा डबा, याच्या बाबतीतही त्याचंच ऐकलं. कॅबिनेटसोबत एक एसएमपीएस फुकट मिळत होता, त्यावर छापलेले वॉट बघून मला भरून आलं होतं. फोन चालूच होता. साळा म्हणाला, "होल्टेजचं काम आहे का? मंग फुकटातलं घेऊ नका. माही मोटर दोन खेपा जळाली. मोटरीत दोष नव्हता, स्टार्टर हलका होता." वावरातली लाइन रात्री-बेरात्री येते, डीपी जळते, येताना दाब कमी, जाताना झटका. या माणसाने विजेचे जितके प्रकार पाहिले आहेत तितके भाच्याच्या पुस्तकात नसतील. पोरीने फुकटचा एसएमपीएस हातात घेऊन बघितला, हवेत दोनदा तोलला आणि म्हणाली, "रिकामा डबा आहे." मग ८० प्लसचा शिक्का असलेला ४५० वॉटचा वेगळा घेतला, जड. वीजपुरवठ्याची वस्तू वजनावर पारखावी हे कोणत्या शास्त्रात बसतं माहीत नाही, पण भाजीबाजारात फणस असाच घेतात.

कॅबिनेट काचेचं घ्या आणि आत रंगीत दिवे टाका, असा भाच्याचा निरोप होता. दुकानात एक लावून ठेवलेलं होतं. लाल, हिरवं, जांभळं फिरत होतं. आत देवीची मूर्ती ठेवली असती तर पावती फाडून वर्गणी मागता आली असती. आम्ही जाळीच्या तोंडाचं साधं काळं घेतलं. मेच्या उन्हात वारा आत जायला हवा. ५६००जी ९५ अंशांपर्यंत तग धरतो, त्यापुढे आपणच वेग कमी करतो. ४५ला आमची सरकारी कामं थांबतात, हा त्यापेक्षा बरा.

आणि ज्या कूलरवरून जूनमध्ये महाभारत झालं, तो प्रोसेसरच्या डब्यात फुकट निघाला.

परतीच्या गाडीत मॉनिटर माझ्या मांडीवर, कॅबिनेट पोरीच्या पायांपाशी. बाकी माल पिशवीत. कंडक्टरने विचारलं, "टीव्ही आहे का?" मी म्हणालो, कॉम्प्युटर. तो म्हणाला, "मंग याचं बाकीचं कुठं आहे?" मी पिशवी दाखवली. त्याने ज्या नजरेने पिशवीकडे पाहिलं, त्याच नजरेने घरी बायकोने पाहिलं.

जोडणीला रविवार निवडला. थंडी कडाक्याची होती. भाच्याने आल्या आल्या सगळ्यांना स्वेटर काढायला लावले. लोकरीच्या घर्षणाने अंगात वीज साठते म्हणे, आणि नुसत्या स्पर्शाने पार्ट मरू शकतो. काम सुरू करण्याआधी प्रत्येकाने लोखंडी कपाटाला हात लावायचा, असा त्याचा नियम. देवळात शिरताना घंटेला लावतात तसे आम्ही कुडकुडत एकेक जण कपाटाला हात लावून आलो. साळा गावाहून खास आला होता, तो कपाटाला हात लावून पायासुद्धा पडला.

प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ टाचण्या असतात, सोन्याचा मुलामा दिलेल्या. हे ऐकून बायको पहिल्यांदा जवळ आली. "सगळ्या सोन्याच्या?" मुलामा, मी म्हणालो. ती परत गेली. एका कोपऱ्यात बारीक त्रिकोण असतो, तो मदरबोर्डवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि सोडून द्यायचं. दाबायचं नाही. प्रोसेसर आपल्या वजनानेच खाली बसतो. पोरीने तो असा ठेवला, की बसल्याचं कळलंही नाही. माझे मात्र तेवढ्यात दोन ग्लास पाणी झाले.

भाच्याने येताना थर्मल पेस्टची ट्यूब आणली होती, दोनशे रुपयांची. डब्यातल्या कूलरला पेस्ट आधीच लावलेली असते, हे त्याला ट्यूब उघडल्यावर आठवलं. साळ्याने ट्यूब उचलली, बोटावर थोडं घेतलं आणि दुसऱ्या हाताने खिशातला खर्रा काढला. पोरगी ओरडली म्हणून वाचला. "चुनाच दिसते ना," तो म्हणाला. खरंच दिसतो.

मग पुढचे दोन तास कॅबिनेटच्या पुढच्या वायरी. पॉवर बटण, रीसेट, दिवा, अशा तांदळाच्या दाण्याएवढ्या टोप्या आणि त्यांच्या त्याहून बारीक पिना. हा भाग ज्याने कोणी ठरवला, त्याच्या घरी चष्मा लागलेला माणूस नसावा. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

संध्याकाळी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. भाच्याच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला, त्याने मदरबोर्ड खराब असल्याचं जाहीर केलं. बायको केर काढता काढता म्हणाली, "मागचं बटन कोन चालू करन?" एसएमपीएसच्या पाठीला एक काळं बटण असतं. ते बंद होतं. चालू केलं, पंखा फिरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मॉनिटरवर अक्षरं आली, 'नो सिग्नल'.

आता मात्र सन्नाटा. पोरगी वाकून आत बघत होती. साळाही वाकला. रॅमच्या एका पट्टीचा खटका वर राहिला होता.

"बाई, या बैलाची शिवळ बसली नाही," तो म्हणाला.

वीज बंद करून तिने अंगठ्याने पट्टी दाबली. टक् असा आवाज आला. पुन्हा बटण दाबलं आणि पडदा उजळला. सोळा जीबी, दोन्ही बैल जुवाखाली. त्याच रात्री तिने मामाच्या कापसाची नोंदणी नीट झाली आहे का ते मोठ्या पडद्यावर बघून दिलं आणि सातबारा काढला.

हिशेब सांगतो. यूपीएस यादीत नव्हता, तो साळ्याच्या आग्रहाने घेतला. सगळं मिळून ४७,५००. त्यातले ५,९०० रुपये निव्वळ वाट पाहण्याचे. भाचा हल्ली आमच्याकडे कमी येतो. खोकी सगळी माळ्यावर आहेत, कारण तीन वर्षांची वॉरंटी. मदरबोर्डच्या खोक्यात बायकोने मुगाच्या वड्या भरल्या आहेत. आणि कूलरात अजून कोणी पाणी भरलेलं नाही, हे ती आल्यागेल्याला कौतुकाने सांगते.

घरात पडून असलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरमधून चार जीबीची एक डीडीआर३ पट्टी निघाली आहे. चालू हालतीत. कपाटात मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. गल्लीतल्या एका पोराने परवा तीनशे रुपयांना मागितली. मी दिली नाही. भाव वाढू द्या.